क्षार : एक शब्द, तीन अर्थ

काही वर्षांपूर्वीच्या वैशाखातील ही घटना आहे. माझ्याकडे दीर्घकाळ येणारे एक निवृत्त शिक्षक मूत्रदाहाची तक्रार घेऊन आले. वय ६७, वजन ५८ किलो, मधुमेह पंधरा वर्षांचा, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टनची गोळी रोज चालू. मूत्रप्रवृत्ती अल्प, सदाह, किंचित सशूल. मी मूत्रकृच्छ्राचे निदान करून श्वेतपर्पटी १ ग्रॅम दिवसातून तीन वेळा दिली आणि सोबत रोज दोन शहाळ्यांचे पाणी घेण्यास सांगितले. त्यांनी आणलेल्या जुन्या अहवालात क्रिएटिनिन २.१ होते. ते मी पाहिले, ‘थोडे वाढलेले दिसते’ असे म्हणालो आणि कागद परत दिला.

आठव्या दिवशी सायंकाळी त्यांच्या मुलाचा दूरध्वनी आला. ‘डॉक्टर, बाबांना जिना चढवत नाही, पाय उचलतच नाहीत.’ घरी जाऊन पाहिले तेव्हा नाडी मिनिटाला ४४ आणि अनियमित होती. त्यांना तातडीने रुग्णालयात हलविले. तेथे सीरम पोटॅशियम ६.९ आले; ईसीजीमध्ये टी तरंग उंच व टोकदार झालेले होते. तेथील फिजिशियनांनी मला विचारले, ‘तुम्ही यांना पोटॅशियम दिले आहे काय?’ मी उत्तर दिले, ‘नाही. मी फक्त क्षारपर्पटी दिली आहे.’

मी खोटे बोललो नव्हतो. मला खरोखरच तसे वाटत होते. प्रस्तुत लेख त्या उत्तराविषयी आहे. आपण सर्वांनी बारावीपर्यंत रसायनशास्त्र शिकले आहे आणि बी.ए.एम.एस.च्या पहिल्या वर्षात त्याला निरोप दिला आहे. त्यातील आयन, मोल आणि पीएच या तीन कल्पना पुन्हा उजळून घेतल्या, तर आपल्याच औषधीकपाटाकडे व रुग्णाच्या अहवालाकडे पाहण्याची दृष्टी बदलते, असा माझा अनुभव आहे.

शब्दाचा गुंता

मराठीत ‘क्षार’ हा शब्द तीन निरनिराळ्या अर्थांनी वावरतो. संहितांमधील क्षार म्हणजे वनस्पती जाळून, राख पाण्यात कालवून, गाळून, आटवून मिळविलेले तीक्ष्ण द्रव्य. रसायनशास्त्राच्या भाषेत अल्क. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातील क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगाने पाण्याबरोबर तयार होणारे संयुग, म्हणजे जेवणातील मीठही क्षारच. आणि रुग्णाचे नातेवाईक ‘अंगातले क्षार कमी झाले म्हणून ॲडमिट केले’ असे सांगतात तेव्हा त्यांना अभिप्रेत असतात ते रक्तातील सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड इत्यादी आयन.

आता श्वेतपर्पटी पाहा. कलमी शोरा १६ भाग, फिटकडी २ भाग, नवसागर १ भाग हे तिचे प्रचलित प्रमाण. हिलाच आपण क्षारपर्पटी म्हणतो. पण या तीन घटकांत अल्क म्हणता येईल असे एकही द्रव्य नाही. शोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. तो ना आम्ल ना अल्क. फिटकडी व नवसागर यांची द्रावणे तर किंचित आम्लधर्मी असतात. म्हणजे क्षारपर्पटी ही शालेय अर्थाने क्षार आहे, संहितेच्या अर्थाने नाही. आणि तिसऱ्या अर्थाने पाहता ती मुख्यतः पोटॅशियमची पुडी आहे.

वाचकांना हे आपल्या चिकित्सालयातच पडताळून पाहता येईल. हळदीच्या पाण्यात भिजवून वाळविलेल्या कागदाच्या पट्ट्या घ्याव्यात. यवक्षाराच्या द्रावणाचा थेंब टाकताच पट्टी तांबडी होते. शोऱ्याच्या किंवा नवसागराच्या थेंबाने ती पिवळीच राहते. तांबड्या डागावर लिंबू पिळले की पिवळा रंग परत येतो. हळदीला चुन्याची निवळी लावून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर उभी आहे. बाजारातून आणलेल्या यवक्षाराने पट्टी तांबडी झाली नाही, तर ती बरणी परत करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आयन म्हणजे काय

धातुरूप पोटॅशियमचा तुकडा पाण्यात टाकला तर तो पेट घेतो. शहाळ्याच्या पाण्यात मात्र पोटॅशियम शांतपणे नांदते. दोन्ही ठिकाणी मूलद्रव्य तेच. फरक एका इलेक्ट्रॉनचा. पोटॅशियमच्या अणूत १९ इलेक्ट्रॉन असतात आणि सर्वांत बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन तो सहज देऊन टाकतो. तो दिल्यावर अणूवर एक धनभार उरतो. अशा भारित अणूस किंवा अणुसमूहास आयन म्हणतात. क्लोरीन, उलटपक्षी, एक इलेक्ट्रॉन घेऊन ऋणभारित क्लोराइड होते. मीठ पाण्यात विरघळते तेव्हा हे आयन एकमेकांपासून सुटे होऊन स्वतंत्रपणे वावरू लागतात, हा विचार स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी १८८४ साली आपल्या प्रबंधात मांडला. परीक्षकांनी त्यास जेमतेम गुण दिले. १९०३ साली त्याच कार्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

चिकित्सकाच्या दृष्टीने यातील मर्म असे की, पोटात गेलेल्या क्षाराचे नाव तेथेच संपते. शोऱ्यातून आलेले पोटॅशियम, यवक्षारातून आलेले पोटॅशियम आणि शहाळ्यातून आलेले पोटॅशियम यांत शरीर भेद करीत नाही. सोबत आलेला ऋणभारित आयन मात्र वेगळा असतो आणि त्याचे कार्यही वेगळे असते. त्याकडे पुढे येतो.

राखेतून हे द्रव्य का मिळावे? वनस्पतींच्या पेशींत पोटॅशियमचा मोठा साठा असतो. जाळल्यावर सेंद्रिय भाग वायुरूपाने निघून जातो आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या रूपाने मागे राहते. खाऱ्या जमिनीवर वाढणाऱ्या वनस्पतींच्या राखेत सोडियम अधिक. त्यातून आपला सर्जिकाक्षार आला. इंग्रजीतील पोटॅश हा शब्दही ‘भांड्यातील राख’ एवढाच अर्थ सांगतो. हम्फ्री डेव्ही यांनी १८०७ साली लंडनमध्ये वितळलेल्या दाहक पोटॅशमधून वीज सोडून हा धातू प्रथम वेगळा केला आणि त्यास पोटॅशियम हे नाव दिले. त्याचे दुसरे नाव कॅलियम. ते ज्या अरबी शब्दावरून आले, त्याचाही संबंध वनस्पतींच्या राखेशीच आहे.

सुश्रुतांच्या क्षारपाकविधीकडे (सूत्रस्थान, अध्याय ११) या दृष्टीने पाहिले म्हणजे आदर दुणावतो. गाळलेल्या क्षारोदकात भाजलेल्या शंखनाभी, शुक्ती इत्यादींचा प्रक्षेप केला असता मध्यम क्षार होतो. शंख भाजल्यावर चुना मिळतो. चुना आणि पोटॅशियम कार्बोनेट यांच्या संयोगातून खडू तळाशी बसतो आणि द्रावणात दाहक पोटॅशियम हायड्रॉक्साइड राहते. तो लोहपात्रात तोंड झाकून ठेवण्यास सांगितले आहे. उघडा राहिल्यास हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून तो पुन्हा सौम्य होईल. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या विधीची विशेष दखल घेतली आहे, ती उगाच नव्हे. क्षारकर्मानंतर आम्लाने शमन करण्याचा उपदेशही त्याच अध्यायात आहे.

परंतु हा प्रतिसारणीय क्षाराचा, म्हणजे बाहेरून लावण्याचा विचार झाला. क्षारसूत्रातील अपामार्गक्षारही त्याच वर्गातला. त्यातून रक्तात जाणारे पोटॅशियम नगण्य. पानीय क्षाराबाबत सुश्रुतांनी वृद्ध व दुर्बल यांना तो निषिद्ध मानला आहे. चरकांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पिप्पली, क्षार व लवण यांचा अतियोग टाळावा असे सांगताना, क्षाराने उपघात होणाऱ्या अवयवांत हृदयाची गणना केली आहे. हा श्लोक मला पाठ होता. शिक्षकांना औषध देताना तो आठवला नाही.

तोळा आणि मिलिइक्विव्हॅलंट

प्रयोगशाळेच्या अहवालात सोडियम १३५ ते १४५, पोटॅशियम ३.५ ते ५ असे आकडे असतात आणि पुढे मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर असे एकक असते. हे एकक आपण डोळ्याआड करतो, कारण आपण ग्रॅममध्ये औषध देतो. दोहोंना जोडणारा पूल म्हणजे मोल.

एक डझन केळी आणि एक डझन बोरे यांची संख्या सारखी, वजन निराळे. रसायनशास्त्रातील डझन फार मोठा आहे, ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात एवढा. त्यास मोल म्हणतात. पोटॅशियमच्या एका मोलचे वजन ३९ ग्रॅम, सोडियमच्या २३ ग्रॅम. याचा सहस्रांश म्हणजे मिलिमोल. एकच भार असलेल्या आयनाचा मिलिमोल आणि मिलिइक्विव्हॅलंट एकच. कॅल्शियमसारख्या दोन भारांच्या आयनाचा एक मिलिमोल म्हणजे दोन मिलिइक्विव्हॅलंट. शरीर आयनांचा हिशेब संख्येने ठेवते, वजनाने नव्हे, म्हणून हा खटाटोप.

आता माझ्या औषधपत्राचा हिशेब मांडतो. पोटॅशियम नायट्रेटचा रेणुभार १०१. म्हणून १ ग्रॅम शोऱ्यात सुमारे १० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम. श्वेतपर्पटीत १९ भागांत १६ भाग शोरा, म्हणजे १ ग्रॅममध्ये ८ ते ९. तीन मात्रांचे २५. शहाळ्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात साधारणतः २०० ते २५० मिलिग्रॅम, म्हणजे ५ ते ६ मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम. अडीचशे मिलिलिटरच्या दोन शहाळ्यांचे सुमारे २५ ते ३०. दिवसाकाठी एकूण ५० च्या वर, आहारातले निराळे. तुलनेसाठी, पोटॅशियम क्लोराइडच्या प्रचलित औषधी द्रावात १५ मिलिलिटरला २० मिलिइक्विव्हॅलंट असतात. अशा अडीच मात्रा मी त्यांना रोज देत होतो. हे औषध क्रिएटिनिन २.१ असणाऱ्या रुग्णास देताना कोणताही चिकित्सक थबकेल. मी थबकलो नाही, कारण माझ्या पुडीवर पोटॅशियम हा शब्द नव्हता.

यवक्षार शुद्ध पोटॅशियम कार्बोनेट असेल तर १ ग्रॅममध्ये साडेचौदा मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते, हेही लक्षात असू द्यावे. खाण्याच्या सोड्याच्या १ ग्रॅममध्ये सुमारे १२ मिलिइक्विव्हॅलंट सोडियम असते, पोटॅशियम नसते. सैंधव हे प्राधान्याने सोडियम क्लोराइडच, ग्रॅमला १७. उच्च रक्तदाबाच्या रुग्णास ‘साध्या मिठाऐवजी सैंधव घ्या, ते चालते’ असे सांगणाऱ्यांनी हा आकडा एकदा कागदावर लिहून पाहावा.

आतले आणि बाहेरचे

शरीरातील पोटॅशियमचा सुमारे ९८ टक्के भाग पेशींच्या आत असतो. आतील तीव्रता साधारण १४०, बाहेर ४. म्हणजे ३५ ला १ असे गुणोत्तर. प्रत्येक पेशीच्या आवरणातील पंप तीन सोडियम बाहेर ढकलून दोन पोटॅशियम आत घेतो आणि हे गुणोत्तर अहोरात्र राखतो. आतील पोटॅशियमला बाहेर झिरपण्याची ओढ असते आणि तो धनभार घेऊन जातो, म्हणून पेशीचा अंतर्भाग ऋणभारित राहतो. हृत्पेशीत हा विद्युत्दाब विश्रांतीच्या वेळी उणे ९० मिलिव्होल्टच्या आसपास असतो. हृदयाचा प्रत्येक ठोका या ताणलेल्या धनुष्यातून सुटतो.

बाहेरचे पोटॅशियम ४ वरून ७ झाले तर शरीराच्या एकूण साठ्याच्या दृष्टीने ती वाढ क्षुल्लक असते. परंतु गुणोत्तर ३५ वरून २० वर येते आणि विद्युत्दाब उणे ८० च्या आसपास घसरतो. धनुष्याची दोरी सैल पडते; वहन मंदावते, स्नायू दुर्बल होतात, ईसीजीतील टी तरंग टोकदार होतात आणि त्यानंतर हृदय कोणत्याही क्षणी थांबू शकते. ५८ किलोच्या मनुष्याच्या पेशीबाह्य द्रवात, म्हणजे सुमारे १२ लिटरमध्ये, एकूण पोटॅशियम ४८ मिलिइक्विव्हॅलंट. मी रोज देत होतो ते याहून अधिक. निरोगी वृक्क ही भर सहज मूत्रावाटे टाकतात आणि म्हणूनच आपल्यापैकी शेकडो वैद्यांनी श्वेतपर्पटी निर्वेध वापरली आहे. या रुग्णाचे वृक्क दुर्बल होते, आणि टेल्मिसार्टनमुळे अल्डोस्टेरोन कमी पडून मूत्रावाटे पोटॅशियम टाकण्याचा मार्ग आणखी अरुंद झाला होता. स्पायरोनोलॅक्टोन आणि ‘प्रिल’ने संपणारी रक्तदाबाची औषधे यांचेही असेच.

रुग्णालयात त्यांना प्रथम शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट दिले. त्याने पोटॅशियम तिळभरही कमी होत नाही; हृत्पेशींचे आवरण तात्पुरते स्थिर होते आणि थोडा अवधी मिळतो. नंतर ग्लुकोजसह इन्सुलिन दिले. इन्सुलिन पूर्वोक्त पंपास चालना देऊन पोटॅशियम पेशींत ढकलते. दोन्ही उपाय मी पूर्वी पाहिले होते. त्यांचा अर्थ त्या रात्री बाकावर बसून कळला. पहाटे पोटॅशियम ५.८ वर आले. डायलिसिसची वेळ आली नाही.

एक सावधगिरी येथेच नोंदवतो. रक्त घेताना किंवा नेताना रक्तकण फुटले तर त्यांतील पोटॅशियम बाहेर येऊन अहवालात खोटी वाढ दिसते. अहवालावर ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा असल्यास नमुना पुन्हा घ्यावा. लक्षणे किंवा ईसीजी बोलत असतील तर मात्र त्याची वाट पाहू नये.

पीएच, आणि मूत्राचा प्रश्न

पाण्यातील हायड्रोजन आयनांची तीव्रता मोजण्यासाठी कोपनहेगनच्या सोरेनसेन यांनी १९०९ साली पीएच ही मोजपट्टी आणली. ७ उदासीन, खाली आम्ल, वर अल्क. ही पट्टी दसपटीची आहे, हे विसरले जाते. रक्ताचा पीएच ७.४ वरून ७.१ झाला तर हायड्रोजन आयन जवळजवळ दुप्पट होतात, लिटरला ४० नॅनोमोलवरून ८० वर. ४० नॅनोमोल म्हणजे रक्तातील पोटॅशियमच्या एक लक्षांश. इतक्या सूक्ष्म राशीवर शरीर पहारा ठेवते, कारण प्रथिनांची घडी आणि एन्झाइमांचे कार्य तिच्यावर अवलंबून असते.

पहारेकरी तीन : रक्तातील बफर, फुप्फुसे आणि वृक्क. बफर म्हणजे आम्ल वाढले तर ते टिपून घेणारी आणि अल्क वाढला तर आम्ल सोडणारी जोडी. रक्तात बायकार्बोनेट व विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांची, २० ला १ या प्रमाणातली. फुप्फुसे कार्बन डायऑक्साइड टाकतात. रोजच्या आहारातून, विशेषतः प्रथिनांतून, उरणारे किलोमागे सुमारे १ मिलिइक्विव्हॅलंट आम्ल वृक्क टाकतात. त्यामुळे ‘अल्कधर्मी पाण्याने रक्त अल्कधर्मी होते’ ही जी यंत्रे विकणाऱ्यांची भाषा आहे, तिला आपण तरी भुलू नये. ते पाणी प्रथम आमाशयातील तीव्र आम्लाला भेटते, आणि तेथून पुढे हा पहारा आहेच.

मूत्राचे मात्र तसे नाही. त्याचा पीएच ४.५ ते ८ इतका हिंडतो आणि आहार-औषधांनी बदलतो. सोबतच्या ऋणभारित आयनाकडे पुढे येतो असे म्हटले होते, ते येथे. सायट्रेटचे यकृतादी ठिकाणी ज्वलन होऊन त्याचे बायकार्बोनेट होते. कार्बोनेटही आम्ल शमवितो. म्हणून यांनी मूत्र अल्कधर्मी होते. नायट्रेट व क्लोराइड तसे करीत नाहीत. नवसागरातील अमोनियमचे यकृतात युरिया होताना उलट आम्ल सुटते. एके काळी मूत्र आम्लधर्मी करण्यासाठीच ते दिले जाई. तेव्हा मूत्र अल्कधर्मी करण्याच्या हेतूने श्वेतपर्पटी देणे हे रसायनशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही.

आणि अल्कधर्मी मूत्र सर्वच अश्मरींत हितावह असते असेही नाही. युरिक ॲसिडची अश्मरी ५.५ च्या खालच्या आम्ल मूत्रात साचते आणि मूत्र ६.५ च्या आसपास राखल्यास विरघळूही शकते. तेथे क्षाराची योजना सार्थ आहे. याउलट कॅल्शियम फॉस्फेटची अश्मरी अल्कधर्मी मूत्रातच वाढते. जंतुसंसर्गातून होणारी अश्मरी तर जंतूंनी युरिया फोडून अमोनिया केल्यामुळे, मूत्राचा पीएच ७ च्या वर गेल्यावर उद्भवते. अशा रुग्णास पानीय क्षार देणे म्हणजे अश्मरीस खतपाणी घालणे होय. मूत्रपरीक्षणाची साधी पट्टी बुडविली की पीएच कळतो. आपल्यापैकी किती जण तो रकाना वाचतात, हे मी विचारणार नाही. मीही वाचत नव्हतो.

अलीकडे बाजारात कमी सोडियमचे मीठ आले आहे. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस करताना वृक्कविकारी रुग्णांना त्यातून वगळले आहे. रुग्ण हे मीठ पथ्य म्हणून स्वतःहून आणतात, त्यामुळे ‘मीठ कोणते?’ हा प्रश्न आता मी प्रकृतिपरीक्षणाइतकाच अगत्याने विचारतो.

माझ्या चिकित्सालयातील क्षारांच्या बरण्यांवर सध्या दोन चिठ्ठ्या असतात. वरची संहितेतील नावाची. खालचीवर त्यातील मुख्य आयन आणि १ ग्रॅममधील मिलिइक्विव्हॅलंट लिहिलेले आहेत. पन्नाशीपुढील, मधुमेही किंवा रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या रुग्णास पानीय क्षार देण्यापूर्वी क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि मूत्राचा पीएच पाहिल्याशिवाय बरणी उघडायची नाही, असे औषधे देणाऱ्या सहायकालाही सांगून ठेवले आहे. ते शिक्षक अजूनही येतात. दुसऱ्या चिठ्ठीवरील सुवाच्य अक्षर त्यांचेच आहे. माझे अक्षर कोणाला वाचता येणार नाही, असे म्हणून त्यांनीच ते काम मागून घेतले.